काटकसर कुणाच्या अंगावर?

आमच्या घरात लाइट बिल मोठ्याने वाचण्याची प्रथा आहे. ती वडिलांनी सुरू केली. चष्मा पुसून, बिल उजेडाकडे धरून ते आधी युनिटे वाचत, मग रक्कम वाचत आणि मग घरातल्या प्रत्येकाकडे क्रमाने पाहत. कोण अभ्यास करता करता दिवा चालू ठेवून झोपले, कोण न्हाणीघरातले बटण बंद करायला विसरले, हे त्या क्षणी ज्याचे त्याला आठवे. वडील गेले, बिल मोबाइलवर येऊ लागले, तरी प्रथा मी चालू ठेवली. तिच्यात काही वावगे आहे असे मला २०२४ च्या मे महिन्यापर्यंत कधी वाटले नव्हते.

त्या मे महिन्यात आलेले बिल ३१८ युनिटांचे होते. रक्कम चार हजारांच्या जवळ गेली होती. आम्ही पुण्यात तीन मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो. डोक्यावर थेट गच्ची. घरात माणसे चार. ८४ वर्षांची आई, आम्ही दोघे आणि कॉलेजात जाणारी मुलगी. एसी नाही. चार माणसांनी चार हजारांची वीज खाल्ली कशी, असा प्रश्न मी नेहमीच्या वरच्या पट्टीत विचारला आणि कुणाचेही नाव न घेता म्हणालो, ‘‘पंखे काय फुकट फिरतात का?’’

पाचसहा दिवसांनी दुपारी तीन वाजता मी अवचित घरी आलो. आई खिडकीजवळच्या पलंगावर बसली होती. चेहरा लाल, पदर घामाने ओला, बोलणे संथ. खोलीतला पंखा बंद. वीज गेली असेल म्हणून मी बटण दाबले, तर पंखा फिरू लागला. शेजारच्या डॉक्टरांना बोलावले. त्यांनी मीठसाखरेचे पाणी थोडे थोडे पाजायला सांगितले, अंग ओल्या फडक्याने पुसायला लावले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, आणखी तासदोन तास असेच गेले असते तर त्यांना ॲडमिट करावे लागले असते. आई संध्याकाळपर्यंत सावरली. मी विचारले, ‘‘पंखा का लावला नाहीस?’’ ती म्हणाली, ‘‘एकटीसाठी कशाला जाळायची वीज? तूच म्हणालास ना परवा.’’

या वाक्यानंतर मी काही दिवस गप्प होतो. नंतर मुलीने मला मीटरपाशी नेले. तिथून पुढची हकिगत वाचकांच्या उपयोगाची आहे म्हणून लिहितो आहे.

आधी आईची बाजू सांगितली पाहिजे. तिचे बालपण कंदिलाच्या आणि चिमणीच्या उजेडात गेले. रॉकेल मोजून मिळे, काच रोज राखेने पुसावी लागे. लग्नानंतर घरात वीज आली ती एका दिव्याच्या रूपाने. तिच्या लेखी वीज म्हणजे दिवा, आणि काटकसर म्हणजे तो मालवणे. ही समजूत तेव्हा खोटी नव्हती. साठ वॅटचा पिवळा बल्ब, चोक धरून पन्नास-पंचावन्न वॅट खाणारी ट्यूब, असे घरात पाचसहा दिवे असले की बिलाचा मोठा भाग दिव्यांचाच असे. आता साठ वॅटच्या बल्बची जागा नऊ वॅटच्या एलईडीने घेतली आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेने हे दिवे खेड्यापाड्यांत नेले. नऊ वॅटचा दिवा चुकून रात्रभर, दहा तास, चालू राहिला तर एका युनिटचा दहावा हिस्साही खर्च होत नाही. म्हणजे साधारण एक रुपया. गीझरवर एक बादली पाणी तापवायला मात्र एक तृतीयांश ते अर्धे युनिट लागते. एक बादली पाणी म्हणजे विसरलेल्या दिव्याच्या चार रात्री. आम्ही तीन पिढ्या दिव्यावरून भांडलो आणि न्हाणीघरातल्या त्या पांढऱ्या पिंपाकडे कुणी वर मान करून पाहिले नाही.

आता मीटर. आमची मीटरे तळमजल्यावर जिन्याखाली आहेत. पूर्वीच्या मीटरात काचेआड एक ॲल्युमिनियमची चकती फिरे आणि तिच्यावरची लाल खूण किती वेळाने समोर येते हे आम्ही मुले पाहत बसत असू. आताच्या मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. मुलीने मोबाइलच्या उजेडात मीटरवरचा एक आकडा दाखवला : ३२००. त्याचा अर्थ असा, की तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झाले. आपल्या मीटरवर हा आकडा वेगळा असू शकेल, पण कुठेतरी छापलेला असतोच. एवढे कळले की घरातल्या प्रत्येक वस्तूची भूक मोजायला घड्याळ आणि कागद पुरतो.

त्या रविवारी सकाळी मी जिन्याखाली स्टुलावर बसलो, मुलगी वर, मध्ये मोबाइल. फ्रिजचा प्लगसुद्धा काढून घरातले सगळे बंद करायला लावले. ‘‘सगळं बंद आहे, बाबा.’’ दिवा लुकलुकला. अर्ध्या मिनिटाने पुन्हा लुकलुकला. पाच मिनिटे मोजले. मिनिटाला दोन, घड्याळ लावल्यासारखे. हिशेब केला तर ३७ वॅट. चोवीस तास, तीस दिवस. महिन्याला सत्तावीस युनिटे, कुणीही काहीही न वापरता! चोर शोधायला आम्हाला दीड तास लागला. टीव्ही रिमोटने बंद होतो, पण सेट-टॉप बॉक्स जागाच राहतो. इंटरनेटचा डबा जागा. आणि सगळ्यांत मोठा हिस्सा निघाला तो इन्व्हर्टरचा. भारनियमनाच्या दिवसांत, २००५ च्या सुमारास घेतलेला हा इन्व्हर्टर. आता महिन्यातून एखाददा वीज जाते, पण त्याची म्हातारी बॅटरी मात्र अष्टौप्रहर वीज पीत पलंगामागे बसलेली. इन्व्हर्टर काढला, टीव्हीच्या मागच्या बोर्डाचे बटण रात्री बंद करू लागलो. सत्तावीसची आठ युनिटे झाली.

मग पंखे. शयनगृहातला पंखा लावताच मिनिटाला चार लुकलुकी वाढल्या, म्हणजे ७५ वॅट. हॉलमधला पंखा लग्नातला. दोनदा रिवाइंडिंग झालेला. तो पाच घेत होता आणि वारा कमी देत होता. एकेक पंखा काही मोठा नव्हे. पण उन्हाळ्यात पंखा दिवसाचे अठरा तास फिरतो, आणि आमच्याकडे असे तीन. नुसत्या पंख्यांची महिन्याला सव्वाशेच्या घरात युनिटे झाली. गीझर ताशी दोन युनिटांनी गर्जना करतो खरा, पण पंधरा-वीस मिनिटांत निजतो; पंखा गरीब स्वभावाचा म्हणून कुणाच्या डोळ्यांवर येत नाही.

साधा पंखा तासभर फिरल्यावर बंद करा आणि स्टुलावर चढून त्याच्या मधल्या वाटीला जपून हात लावा. गरम लागेल. ती ऊब म्हणजे वाऱ्यात न उतरलेली, पण बिलात उतरलेली वीज. नव्या बीएलडीसी पंख्यात फिरणाऱ्या भागात कायमचे लोहचुंबक असतात आणि त्यांना ढकलायचे काम इलेक्ट्रॉनिक सर्किट नेमके वेळेवर करते. त्यामुळे तेवढाच वारा अट्ठावीस ते पस्तीस वॅटमध्ये मिळतो, आणि वेग कमी केला की वीज फारच थोडी लागते. आम्ही तीन पंखे बदलले, साधारण नऊ हजार रुपये गेले. हे पंखे लावताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून टाकावा लागतो. आमच्या वायरमनने तो राहू दिला आणि पहिले दोन दिवस पंखा घुरघुरत होता. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ताऱ्यांचे लेबल सक्तीचे झाले आहे. तारे पाहताना वॅटचा आकडाही पाहावा.

इथे बिलाची एक गोम सांगतो, कारण ती चांगल्या शिकलेल्या माणसांनाही ठाऊक नसते. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ शंभराच्या वर युनिट गेले की सगळीच युनिटे महाग होतात असे समजून महिनाअखेरीस धुण्याचे यंत्र बंद ठेवत. तसे नसते. वीज आकार टप्प्याटप्प्याने लागतो. त्या त्या टप्प्यातल्या युनिटांना त्या टप्प्याचा दर. २०२४-२५ मध्ये वहन आकार धरून पहिली शंभर युनिटे प्रत्येकी सहा रुपयांच्या किंचित आत, पुढची दोनशे साडेअकराच्या आसपास आणि तीनशेच्या पुढची पंधराच्या वर पडत होती. वर १६ टक्के वीज शुल्क. दर बदलत राहतात, चढण मात्र राहते. या चढणीचा फायदा असा, की आपण वाचवतो ते युनिट नेहमी सर्वांत वरच्या, सर्वांत महाग टप्प्यातले असते. म्हणून एका पंख्याने महिन्याला वीस युनिटे वाचवली तर ती शंभर-सव्वाशे रुपयांची नसतात, अडीचशेच्या पुढची असतात. तीन हजारांचा पंखा दीड-दोन उन्हाळ्यांत स्वतःची किंमत फेडतो.

फ्रिजची गोष्ट थोडी अवघड. आमचा फ्रिज २००४ चा. त्याच्यावर कापडी आच्छादन, त्याच्यावर देवाची दिनदर्शिका, मागे भिंत टेकलेली, शेजारी गॅसची शेगडी. बिचाऱ्याला आतली उष्णता बाहेर टाकायला जागाच नव्हती. आधी स्वस्तातले उपाय केले. भिंतीपासून पुढे ओढला, मागच्या जाळीवरची धूळ झाडली, दारात कागद अडकवून ओढून पाहिला. कागद अलगद निघून आला, म्हणजे रबर गेलेले. ते बदलले. तरी छोट्या प्लगच्या मीटरवर मोजला तर दिवसाला सव्वादोन युनिटे. दुकानातल्या नव्या फ्रिजांच्या लेबलावर वर्षाची युनिटे छापलेली असतात. आमच्याएवढ्याच फ्रिजवर २३० च्या आसपासचा आकडा होता. आमचा तेवढी वीज साडेतीन महिन्यांत संपवत होता. लेबलावरचे वर्षही पाहावे, कारण निकष वेळोवेळी कडक होतात आणि दहा वर्षांपूर्वीचे पाच तारे आज पाच राहत नाहीत.

नवा फ्रिज आला तेव्हा घरकामाला येणाऱ्या मावशींनी जुना मागितला. द्यायला काहीच हरकत नव्हती; उलट दिल्याचे समाधान मिळाले असते. मुलीने त्यांना खाली बसवून हिशेब सांगितला. त्यांचे बिल ऐंशी युनिटांचे. त्यात या फ्रिजची महिन्याला पासष्ट-सत्तर मिळवली की शंभराचा टप्पा ओलांडून वरचा दर सुरू. फ्रिज फुकट, पण दरमहा सातशे रुपयांच्या घरात खर्च. मावशी म्हणाल्या, ‘‘मग नको, ताई. पैसं साठवून लहानसा नवाच घेते.’’ जो निर्णय घ्यायला आम्हाला तीन वर्षे लागली, तो त्यांनी दोन मिनिटांत घेतला. आपण जुन्या वस्तू गावाकडे पाठवतो, कामवाल्या बाईंना देतो, तेव्हा वस्तूबरोबर तिचे बिलही पाठवतो, हे माझ्या तोवर ध्यानात आले नव्हते.

आणि गच्ची. खरे तर इथूनच सुरुवात करायला हवी होती. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको : दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहापर्यंत डोक्यावर शेगडीसारखा धगधगत असतो आणि पंखा तीच धग खाली ढकलतो. माझ्या आजोळच्या घराला जाड मातीच्या भिंती आणि वर माळवद होते. मे महिन्यात ओसरीवर दुपारी झोप लागे. सिमेंटच्या घरात आम्ही ते सगळे सोडले आणि त्याच्या जागी पंख्याचा वेग वाढवला.

अहमदाबादेत २०१० साली उष्णतेच्या लाटेत माणसे दगावल्यावर तिथल्या महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा तयार केला. पुढे गरीब वस्त्यांतल्या छपरांना चुना देण्याचे काम त्यातूनच निघाले. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. तत्त्व साधे. काळपट छप्पर ऊन गिळते, पांढरे परतवते. मी सोसायटीच्या सभेत हा विषय मांडला. खालच्या मजल्यावरच्यांचे म्हणणे, आम्हाला काय उपयोग? एकाने विचारले, चांदण्यात डोळे दिपणार नाहीत का? अखेर वरच्या मजल्यावरच्या चार बिऱ्हाडांनी स्वखर्चाने करावे, सोसायटीची हरकत नाही, असा ठराव झाला. २०२५ च्या मार्चमध्ये गच्ची घासून धुतली आणि चुन्यात डिंक मिसळून दोन हात दिले. (कळीचा चुना भिजवताना तो उकळतो, डोळे आणि हात सांभाळावेत, मुलांना लांब ठेवावे.) हॉलमध्ये रात्री दहाला तापमापक ३३ दाखवत असे, पुढच्या आठवड्यात तो साडेतीसच्या पुढे गेला नाही. हवा थोडी बदलली असेल. सगळे श्रेय मी चुन्याला देत नाही. पण भिंतीला टेकून बसता येऊ लागले, हे तापमापकाशिवाय कळत होते. चुना पावसाळ्यात धुपतो आणि दरवर्षी द्यावा लागतो. ऊन परतवणारा तयार रंग महाग पडतो, पण काही वर्षे टिकतो. फुटक्या पांढऱ्या फरशांचे चायना मोझाईक त्याहून टिकाऊ. पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बांबूची चिक लावली. पडदा आतून लावला तर ऊन काचेतून आत येऊन बसलेले असते. चिक त्याला उंबऱ्याबाहेर अडवते.

बाकीचे थोडक्यात. गीझरचा काटा खाली आणला आणि तो दिवसभर चालू ठेवणे बंद केले. गरम पाण्यात पुन्हा गार मिसळण्यासाठी वीज जाळण्यात अर्थ नव्हता. डाळ तासभर आधी भिजते, कुकरला एकाऐवजी दोन भांडी लागतात, सिलिंडर आठवडाभर जास्त जातो. हे आमच्या घरातल्या बाईसाहेबांना माझ्याआधी पंचवीस वर्षे ठाऊक होते आणि तसे त्यांनी मला सुनावले. मुलीला एसी हवा आहे. दीड टनाचा एसी ताशी एक ते दीड युनिट खातो. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या सांगण्यानुसार तापमान एक अंशाने वर ठेवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, आणि २०२० पासून नवे एसी सुरू होतानाच २४ अंशांवर सुरू होतात. घ्यायचाच तर २६ वर ठेवून वर पंखा लावायचा, असा करार झाला आहे. सौर पॅनेलसाठी २०२४ च्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान जाहीर झाले. स्वतःचे छप्पर असलेल्यांनी जरूर विचार करावा, मात्र आधी घरातली गळती बुजवून. आमच्या गच्चीवर हक्क बारा बिऱ्हाडांचा. चुन्याला जी सभा लागली ती पाहता पॅनेलला किती सभा लागतील, याचा मी अंदाज बांधत नाही.

२०२५ च्या मे महिन्यात आलेले बिल १८१ युनिटांचे होते, रक्कम दोन हजारांच्या आसपास. ते मी मोठ्याने वाचले नाही. आईनेच विचारले, किती आले? मी सांगितले. तिला पहिल्यांदा खरे वाटले नाही, मग तिने दोनदा आकडा वदवून घेतला. तिच्या खोलीतला नवा पंखा रिमोटवर चालतो. मुलीने तिला समजावले, ‘‘आजी, हा तुझ्या जुन्या पिवळ्या बल्बच्या निम्मी वीज खातो. दिवसरात्र लाव.’’ आई रिमोट उशीखाली ठेवते आणि दुपारभर पंखा दोनवर फिरतो. मी ऑफिसातून फोन करून विचारायचो, आता विचारत नाही. मागे त्याची घरघर ऐकू येते.

परवा दुपारी हाच मजकूर लिहीत मी तिच्या खोलीत टेबलाशी बसलो होतो. ती पाणी प्यायला म्हणून उठली, सवयीने रिमोट उचलला, पंखा बंद केला आणि मला तसाच घामात ठेवून स्वयंपाकघरात निघून गेली.